मालनमावशी फरक सांगतात

“पेनड्राइव्ह तुझ्या पर्समध्ये होता की नव्हता? एवढंच सांग.”

“होता. माझाच होता तो.”

“आणि त्याच्यात माझा संबळ होता.”

“तुझा? सुदेशदादा, तू संबळाला हात तरी लावलायस कधी?”

“बघा संदेशभाऊ, हे असं बोलते ही. अकरा वर्षं ग्रुप चालवतोय मी कल्याणात. आणि चर्चमध्ये वाढलेली पोर मला संबळ शिकवणार.”

“शिकवलाच असता. विचारलं असतंस तर.”

डोंबिवली पूर्वेला, आयरे रोडवरच्या एका तळमजल्याच्या घरात, रविवारी सकाळी साडेदहाला हे चाललेलं. सोफ्याच्या एका टोकाला सुदेश. कल्याणच्या एका हळदी-ऑर्केस्ट्राचा मालक, चाळिशीचा, गळ्यात चेन, मांडीवर मोबाइल उलटा ठेवलेला. समोर स्टुलावर क्रिस्टल. ठाण्याच्या कोपरीची, चोवीस वर्षांची, काल-परवापर्यंत त्याच सुदेशच्या ग्रुपमध्ये ऑक्टोपॅड वाजवणारी. दोघांच्या मधे दिवाणावर संदेशभाऊ, ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळच्या एका नवरात्र मंडळाचे कार्यकर्ते. पंचांना खुर्ची मिळाली नाही तर ते जसे बसतील तसे ते बसले होते, अर्धे उठून. आणि या तिघांकडे पाठ करून, जेवणाच्या टेबलाशी, मेथी निवडत मालनमावशी.

मी कोपऱ्यात होते. माझ्या एकांकिकेत एक दार नऊ वेळा वाजतं, त्याचे आवाज एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जात नव्हते म्हणून आले होते. माझं काम दहा मिनिटांत झालं होतं. मी उठणार इतक्यात हे तिघं आले आणि पंढरीकाकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, स्वयंपाकघरातून सगळ्यांना चहा टाकला. मग मी कशाला उठते.

ज्यांनी ऑक्टोपॅड पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ब्रीफकेसएवढं मशीन, वर आठ रबरी चौकोन. चौकोनावर काठी मारली की आत जो आवाज भरून ठेवलाय तो निघतो. ढोलकी भरा, हलगी भरा, ताशा भरा. आपल्याकडे ठाण्यापासून पार टिटवाळ्यापर्यंत याच्याशिवाय हळद लागत नाही. आत भरलेल्या आवाजांच्या संचाला ही मंडळी पॅच म्हणतात, आणि चांगला पॅच असलेल्या वादकाला वर्षभर फुरसत नसते. गेल्या वर्षापासून कल्याणपट्ट्यात एक संबळाचा पॅच गाजत होता. डोळे मिटून ऐकलात तर गोंधळी समोर बसलाय असं वाटावं, इतका खरा. क्रिस्टल म्हणत होती, तो तिने केला. सुदेश म्हणत होता, त्याने केला, आणि ग्रुप सोडताना हिने चोरला.

नुसतं म्हणून तो थांबला नव्हता. क्रिस्टल दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली त्याच आठवड्यात त्याने सगळ्या आयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या फोटोसकट टाकलं, चोरीचा आवाज वाजवणाऱ्यांपासून सावध राहा. तिच्या तीन हळदी रद्द झाल्या. नवा ग्रुप तिला म्हणाला, तू जरा थांब. आता घट बसायला अकरा दिवस उरले होते, आणि संदेशभाऊंच्या मंडळाला नवरात्रात तोच संबळ हवा होता. त्यांनी दोघांना गाडीत घातलं आणि डोंबिवलीला आणलं. येतानाच त्यांनी सांगून टाकलेलं, की मावशी सांगतील ते शेवटचं. संबळ क्रिस्टलचा निघाला तर नऊही दिवस ती वाजवणार, आणि तिचं नाव ते स्वतः ग्रुपवर टाकून धुऊन काढणार. सुदेशचा निघाला तर तिला ठाण्यात कोणी उभं करणार नाही.

“मावशी,” संदेशभाऊ म्हणाले, “तुम्ही फक्त सांगा चोर कोण.”

मावशींनी मेथीची जुडी फिरवली. “चोर मी नाही सांगत. फरक सांगते. चोर तुम्ही ठरवा.”

हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी, कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात पहिल्यांदा म्हटलं होतं.

मालन गुंजाळ मूळच्या अकोले तालुक्यातल्या. लग्न होऊन मोहन्याला आल्या तेव्हा पंढरीकाका तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात सूतखात्यात होते. मावशी दहावी पास. कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याला माहिती भरवायला मुली हव्या होत्या. ती माहिती तेव्हा जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून द्यायची. एक मुलगी चिठ्ठी बघून भोकं पाडणार, आणि दुसरी मुलगी तीच चिठ्ठी बघून, तीच कार्डं दुसऱ्या मशीनमध्ये घालून, सगळं पुन्हा पहिल्यापासून टाइप करणार. दोघींचं जुळलं तर मशीन पुढे. नाही जुळलं की मशीन खट्‌ करून अडायचं आणि लाल दिवा लागायचा. मावशी ही दुसरी मुलगी होत्या. अठरा वर्षं.

“सगळ्या पोरी माझ्यावर जळायच्या,” त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. “त्यांना वाटायचं मी त्यांच्या चुका काढते. पण दिवा लागला म्हणजे तिची चूक, असं कुठे असतं? माझीपण असेल. चिठ्ठीपण चुकीची असेल. साहेब विचारायचे, गुंजाळ, चूक कोणाची? मी म्हणायचे, फरक आहे साहेब, सत्तेचाळिसाव्या घरात आहे. चूक तुम्ही चिठ्ठी बघून ठरवा.”

पुढे कार्डं गेली, पडदे आले, आणि काही वर्षांनी कारखानाच बंद पडला. मोहन्याची खोली सुटली, डोंबिवली आली. मधली बारा-तेरा वर्षं मावशींनी ब्लाउज शिवले. आणि एकसष्टाव्या वर्षी, एका दुपारी, कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आतले सर म्हणाले, “आजी, बॅच सुटायला वेळ आहे. नातवाला अर्धा तास लागेल अजून.”

“मला नातू नाही. मी बसू कुठे?”

त्या अकरावीच्या पोरांबरोबर पायथन शिकल्या. पोरांना गेम बनवायचे होते. मावशींना पहिल्या दिवसापासून एकच हवं होतं, दोन फाइली शेजारी ठेवून ताडून बघायच्या. सरांनी त्यांना मजकुराच्या फाइली ताडायला शिकवल्या, ओळीला ओळ. मावशी म्हणाल्या, हे नको, ज्यात ओळीच नसतात ते दाखवा. गाणं, फोटो, मशीनची फाइल. सर म्हणाले, आजी, ते उघडलं तर नुसता कचरा दिसतो. मावशींना हसू आलं. असल्या कचऱ्याचे गठ्ठे त्यांनी मोहन्याला वाचले होते.

कारण फाइल कुठलीही असो, आत एकच असतं. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे आकडे, एकामागे एक, माळेसारखे. सर त्याला बाइट म्हणायचे, मावशी आकडा म्हणतात. पायथनला फक्त सांगायचं की बाबा, ही फाइल अक्षरं समजून वाचू नकोस, जशी आहे तशी वाच. मग पहिला आकडा पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी लावत जायचं आणि जिथे जुळणार नाही तिथली जागा छापायची. अठरा वर्षं जे बोटांनी केलं ते एकवीस ओळींत मावलं. त्या प्रोग्रामचं नाव मावशींनी ठेवलं ‘जुळव’.

ऑक्टोपॅड त्यांच्या आयुष्यात आला तो पंढरीकाकांच्या भजनी मंडळामुळे. मंडळाचं जुनं मशीन मेलं, नवं दुसऱ्या बनावटीचं, हल्ली सगळ्या हळदीवाल्यांकडे असतं ते, घेतलं, आणि जुने आवाज नव्यात जाईनात. दुकानदार म्हणाला, नाहीच जाणार. मावशींनी नव्या मशीनची फाइल काढून घेतली. मग मशीनवर एका चौकोनाचा आवाज ऐंशीवरून एक्याऐंशी केला आणि फाइल परत काढली. ‘जुळव’ चालवला. लाखो आकड्यांत एक आकडा वेगळा निघाला. ऐंशीचा एक्याऐंशी.

“सापडला,” त्या ओरडल्या. काकांना वाटलं झुरळ.

मग रोज एक बटण. आज फक्त घुमारा बदल आणि ताड, उद्या फक्त स्वर चढव आणि ताड. कुठल्या जागी काय राहतं ते आलेख-वहीत लिहीत गेल्या. दीड वर्षात चार वह्या. ज्या मशीनच्या आतलं कंपनीने कोणाला सांगितलं नाही, त्याचा खोल्या-खोल्यांसकट नकाशा एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईने बाहेर बसून काढला. मी नाटकवाली आहे, मला टाळ्या कुठे पडतात ते कळतं. मी त्या वह्या पहिल्यांदा चाळल्या तेव्हा मला उभं राहावंसं वाटलं होतं. मावशी म्हणाल्या, पान नीट उलट, शिवण सुटलीये.

तर त्या रविवारी त्यांनी मेथी बाजूला सारली, हात पुसले, आणि दोघांकडून पेनड्राइव्ह मागून घेतले. दोघांच्या देखत दोन्ही फाइलींच्या नकला काढल्या आणि मूळ पेनड्राइव्ह ज्याचे त्याला परत दिले.

“जवळ ठेवा. आता जे करीन ते नकलेवर.”

‘जुळव’ चालवला. पडदा भरायला लागला. तीन खांब: जागा, क्रिस्टलचा आकडा, सुदेशचा आकडा. ओळीवर ओळ, थांबेचना. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. शेवटी खाली बेरीज आली. बेचाळीस लाख आकड्यांत एकेचाळीस लाख सहा हजार वेगळे.

मावशींनी चष्मा पुसून बेरीज पुन्हा वाचली.

“म्हणजे?” संदेशभाऊंनी विचारलं.

“म्हणजे काय भाऊ, वेगळ्या आहेत,” सुदेश म्हणाला. तो आता सोफ्यावर नीट मागे टेकला. “माझी वेगळी, तिची वेगळी. तिने माझी घेऊन वरून काय काय लोचे केले असतील, कोण जाणे. पण हिची काही माझ्यात नाही, हे तर झालं ना? चला, आपल्याला ठाण्याला पोचायचंय.”

क्रिस्टल उठली. तिचा चेहरा असा झाला होता की मला खिडकीकडे बघावं लागलं. ती म्हणाली की असं होऊच शकत नाही, पॅच तिनेच त्याला दिलाय. आणि मग पहिल्यांदा तिने सगळं सांगितलं. मागच्या माघात भिवंडी रोडला एका हळदीत, वऱ्हाड दारात असताना सुदेशचं मशीन रिकामं झालं. आत एक आवाज राहिला नाही. दादाची इज्जत जाईल म्हणून तिने स्वतःच्या मशीनची पुरी फाइल पेनड्राइव्हवरून त्याच्या मशीनमध्ये ओतली. एक-दोन आवाज नाही, सगळंच्या सगळं. तेव्हा तिला वाटलं नाही की यात विचार करण्यासारखं काही आहे. ग्रुप होता, घरासारखा. संबळ तिने त्याआधी सहा महिने कल्याणच्या एका गोंधळ्याच्या घरी रविवारी-रविवारी बसून भरला होता.

“किरिस्ताव पोरगी गोंधळ्याकडे बसली,” सुदेश संदेशभाऊंना म्हणाला. “पटतंय का बघा.”

स्वयंपाकघरातून पंढरीकाका बाहेर आले, हातात गाळणी. “मी देशावरचा, माझ्या लग्नाला गोंधळ घातलेला. मला कुठे येतो वाजवायला?” एवढं बोलून आत गेले.

मावशींचं कोणाकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्यावरच्या पहिल्या पंचवीस-तीस ओळींवर बोट फिरवत होत्या, ओठ हलत होते. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

“लांबी. लांबी नाही बघितली मी. अठरा वर्षं केलं आणि आज लांबी बघायची विसरले.”

सुदेशची फाइल क्रिस्टलच्या फाइलीपेक्षा बारा आकड्यांनी मोठी होती. बेचाळीस लाखांत बारा.

“तू मशीनचं सॉफ्टवेअर नवं टाकून घेतलंस का रे मधे?”

सुदेशने सांगितलं की हो, उन्हाळ्यात घेतलेलं. त्याचा इथे काय संबंध?

मावशी उठल्या. दोरीवरून दोन साड्या ओढून आणल्या, एकसारख्या नव्हत्या, पण काठ दोन्हीला होता. एक टेबलावर पसरली, दुसरी तिच्यावर, वीतभर सरकवून.

“नवं सॉफ्टवेअर फाइलीच्या तोंडाशी स्वतःचा बारा आकड्यांचा शिक्का मारतं. म्हणून तुझी पुढची सगळी माळ बारा घरं सरकली. आणि मी येडी इथून बघतेय, पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. बघ, काठाला काठ लागतच नाहीये. लागेल कसा? आधी पदर जुळवायला नको?” त्यांनी वरची साडी मागे ओढली. काठावर काठ बसला.

त्या परत बसल्या. ‘जुळव’मध्ये एक ओळ वाढवली, सुदेशच्या फाइलीतले सुरुवातीचे बारा सोडून मोजायला लाग. चालवला.

या वेळी पडदा भरला नाही. काही ओळी आल्या आणि थांबल्या. खाली बेरीज: एकसष्ट.

बेचाळीस लाखांतले बाकीचे सगळे, एकूण एक, सारखे होते.

मावशींनी वही उघडली आणि एकसष्टच्या एकसष्ट जागा वहीशी लावून बघितल्या. हे काम त्यांनी घाई न करता केलं. क्रिस्टल उभीच होती. संदेशभाऊंचा फोन दोनदा वाजला, त्यांनी तो बंद केला. पहिले सोळा आकडे पॅचच्या नावातले निघाले. एकात तिचं नाव, एकात सुदेशच्या ग्रुपचं. पुढचे चव्वेचाळीस आवाज कमी-जास्त केल्याचे. इथे जरा वाढवलाय, तिथे जरा घुमवलाय. आणि राहिला एक.

“हां,” सुदेश म्हणाला. तो आता पुढे झुकून बसला होता. “सारख्या आहेत ना? मी तेच तर बोलतोय केव्हापासून. माझी उचलून नाव बदललंय तिने. नाव बदललेलं दिसतंय ना तुम्हाला? मग कोणी कोणाचं बदललं ते कसं कळणार?”

खरं सांगायचं तर मलाही हाच प्रश्न पडला होता. दोन फाइली सारख्या आहेत एवढ्यावरून आधीची कुठली हे कळत नाही.

मावशींनी मान हलवली. “बरोबर बोलतोयस. यावरून नाही कळत.” मग चष्मा कपाळावर सारून त्याच्याकडे वळल्या, आणि अगदी साध्या आवाजात, गॅस सिलिंडरचा नंबर विचारावा तसं विचारलं, “तू संबळ कधी भरलास?”

“गेल्या वर्षी. गणपतीच्या आधी. ही तर माझ्याकडे आलीपण नव्हती तेव्हा. दिवाळीनंतर आली.”

“तुझ्याच मशीनमध्ये भरलास?”

“माझ्याच. दुसऱ्याच्या कशाला.”

“तुझ्या फाइलीत आवाज ठेवायची पहिली जागा रिकामी दिसतेय. संबळ दुसऱ्या जागेपासून आहे. पहिली का सोडलीस?”

सुदेशने खांदे उडवले. “अशीच. रिकामीच होती. पहिल्यापासून.”

“कधी काही भरलं नाहीस तिथे? पुसलं वगैरे?”

“मावशी, रिकामी म्हणजे रिकामी. हिला विचारा पाहिजे तर.”

मावशींनी क्रिस्टलला विचारलं, तुझ्या पहिल्या जागेवर काय आहे?

क्रिस्टल जरा ओशाळली. म्हणाली, तिथे बय आहे. बय म्हणजे तिची आजी, बिट्रिस. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात, उंबराचं पाणी म्हणतात त्याला. बँड दारात आला की बिट्रिसआजी सगळ्या बायकांना अंगणातून अशी हाळी घालते की अर्धी कोपरी बाहेर येते. क्रिस्टलने मशीन घेतलं त्या दिवशी सगळ्यात पहिला आवाज भरून बघितला तो आजीचा. नंतर पुसवेना.

“ऐका आता,” मावशी म्हणाल्या. “हे मशीन आवाज आला तसा पाठीपाठ लिहीत जातं. दुसरा आला की पहिल्याच्या पुढे, तिसरा आला की दुसऱ्याच्या. मधे घुसवत नाही. आणि पुसा म्हटलं की काय करतं माहितीये? आवाज पुसत नाही. आळस. दारावरची पाटी तेवढी काढतं. एकाचा शून्य करतं, आणि मशीन समजतं की घर रिकामं आहे. माणूस आत बसलेलाच असतो.”

त्यांनी पडद्यावरच्या त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. क्रिस्टलच्या बाजूला एक. सुदेशच्या बाजूला शून्य.

“एकसष्टावा फरक हा. पहिल्या जागेची पाटी. आता आतलं बघा. तुझी जागा रिकामी, पहिल्यापासून. मग त्या जागेत अठ्ठ्याऐंशी हजार आकडे कसले आहेत?”

“असेल मशीनचा कचरा.”

“असतो कचरा. मोहन्याला पण असायचा. पण दोघांच्या घरी अठ्ठ्याऐंशी हजार आकड्यांचा कचरा, आकड्याला आकडा सारखा?” मावशींच्या आवाजात चढ नव्हता. “आणि तुझा संबळ त्याच्यानंतर सुरू होतो, सुदेश. तो कचरा जे कोणी भरलं, ते संबळाच्या आधी भरलंय.”

संदेशभाऊ आता दिवाणावर पुरे बसले होते. त्यांनी सुदेशकडे बघितलं. सुदेश टेबलाकडे बघत होता.

“हे आकडेबिकडे मला काय कळतात,” तो म्हणाला. “तुम्ही पडद्यावर काहीपण दाखवाल आणि आम्ही मानायचं. आवाज दाखवा ना. आहे कुठे तिची आजी? शून्य म्हणजे शून्य. मी माझ्या मशीनवर वर्षभर वाजवतोय, मला कधी ऐकू नाही आली.”

बोलून झाल्यावर तो हसला. मला तो त्या क्षणी वाईट माणूस नाही वाटला. सहा जणांचा ग्रुप अकरा वर्षं ओढणारा, हळदी कमी झाल्या की झोप उडणारा माणूस वाटला, एक खोटं बोललेला, आणि आता त्या खोट्याला टेकू शोधणारा.

“रास्त आहे,” मावशी म्हणाल्या. “ऐकायलाच पाहिजे.”

त्यांनी मी माझ्या नाटकासाठी आणलेला, त्याच बनावटीचा ऑक्टोपॅड टेबलावर ओढून घेतला आणि त्याची वायर लावली. मग दुसरा प्रोग्राम उघडला. त्याचं नाव ‘बदल’. हा ‘जुळव’सारखा धावत सुटत नाही. तो आधी विचारतो, कुठली फाइल. मग विचारतो, कुठली जागा. मग, आत्ता तिथे काय आहे ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलेला आकडा आणि तिथला खरा आकडा जुळला नाही, तर तो बदलायला नकार देतो. हे सगळं पार पडल्यावर नवा आकडा मागतो, आणि तरीही लिहीत नाही. मावशींनी सुदेशच्या फाइलीची नक्कल दिली, जागा दिली, शून्य दिला, मग एक. पडद्यावर शेवटची ओळ आली, ‘फाइल कोणाची? त्यांना विचारलं का?’ आणि पुढे कर्सर लुकलुकत राहिला.

संदेशभाऊंना घाई झाली. “दाबा ना मावशी.”

“ती ओळ मी मुद्दाम लिहिलीये,” मावशी म्हणाल्या. “दुसऱ्याच्या फाइलीतला एक आकडाही त्याच्या होकाराशिवाय मी हलवत नाही. नक्कल असली तरी नाही. नाहीतर उद्या हाच म्हणेल, मावशींनी आत घालून दाखवली. आणि बरोबर म्हणेल.”

क्रिस्टल म्हणाली, “माझ्या फाइलीतून ऐका मग. माझ्यात तर आहेच की ती.”

“तुझ्यात आहे त्याने काय सिद्ध होतं गं? त्याच्यात आहे का, हा सवाल आहे.” मग त्या सुदेशकडे वळल्या. खुर्ची तेवढी वळवली, जागेवरून उठल्या नाहीत. “हे बघ. फाइल तुझी आहे. त्या घरातून काय निघेल ते मला माहीत नाही. मी ऐकलेलं नाही. कचरा असेल तर खरखर निघेल, आणि मी इथे सगळ्यांसमोर तुझी माफी मागीन. या पोरीलापण मागायला लावीन. एका शून्याचा एक करायचाय फक्त. तू हो म्हण.”

सुदेशने चेन बोटाभोवती गुंडाळली, सोडली. स्वयंपाकघरात काकांनी नळ बंद केला.

“सुदेश,” मावशी म्हणाल्या. “करू का बदल?”

सुदेश उठला. मांडीवरचा मोबाइल खिशात घातला. कोणाकडे न बघता दारापाशी गेला, चपलांच्या गर्दीत स्वतःच्या चपला पायानेच शोधल्या, घातल्या, आणि कडी उघडून बाहेर गेला.